चहापाणी, ५२०

खर्चाची यादी चार पानांची होती. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयातून ती आली आणि सांगलीच्या कार्यालयात मी ती कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवली. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला तीन आकडी क्रमांक दिलेला होता. प्रवास ४३०, वीज ४५०, दुरुस्ती ४७०, चहापाणी ५२०, रोजंदारी आणि मजुरी ६१०. महिनाअखेरीस प्रत्येक व्हाउचरच्या उजव्या कोपऱ्यात यातला एक क्रमांक टाकायचा आणि मग तीच नोंद संगणकात करायची. याला कार्यालयात 'हेड टाकणे' म्हणत.

मी आधी बातमीदार होतो, नंतर उपसंपादक. हिशेबाचे शिक्षण माझ्याकडे नव्हते. दैनिकाची सांगलीची शाखा लहान होती, रोखपाल नव्हता, म्हणून कार्यालयप्रमुख म्हणून गेल्यावर हेड टाकण्याचे कामही माझ्याकडे आले. कार्यालय दुसरीकडे हलेपर्यंत अकरा वर्षे ते मी केले.

काम कंटाळवाणे होते असे म्हणता येणार नाही. बातमी पहिल्या पानाची की आतली, गुन्हा की अपघात, हे ठरवण्याची सवय असलेल्या माणसाला खर्च कोणत्या खात्यात जातो हे ठरवणे जमते. आम्ही शाखाप्रमुख त्यावर वादही घालत असू. महाबळेश्वरच्या बातमीदाराने एका पावसाळ्यात रबरी बूट आणि दोन छत्र्या घेतल्या. हे कार्यालयीन साहित्य की कर्मचारी कल्याण, यावर दोन दिवस मेल फिरले. मी स्वतः सविस्तर मत दिले: छत्री माणसासाठी आहे, कॅमेऱ्यासाठी असती तर साहित्यात गेली असती. बातमीदाराने शेवटी सगळ्यांना उद्देशून लिहिले, "छत्रीचं तुम्ही बघा. मला फक्त पाऊस कुठल्या हेडला टाकायचा ते कळवा."

छत्रीवर दोन दिवस घालवणाऱ्या मला कार्यालयातल्या मावशींच्या पगाराचे हेड ठरवायला एक मिनिटही लागले नव्हते.

मावशी माधवनगरहून वडापने येत. जीप भरल्याशिवाय निघत नसे, त्यामुळे त्या साडेआठला किंवा पावणेनऊला पोचत. झाडलोट, फरशी, टेबले, पाण्याच्या बाटल्या, दिवसातून तीनदा चहा, टपाल, बँकेत भरणा, पार्सल बसवर नेऊन देणे. आमच्याकडे कामाला लागण्याआधी त्यांनी सूतगिरणीत काही वर्षे काढली होती. गिरणीच्या कामातून त्यांच्याकडे एक पक्की समजूत आली होती. माणूस कामाला आहे की नाही, हे मस्टर सांगते. पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी विचारले,

"आवं सायेब, मस्टर कुटं हाय?"

"इथं मस्टर नाही मावशी. व्हाउचर असतं."

"मग सई कुटं करू?"

"तुमच्या सहीची गरज नाही. मी करतो."

"बरं झालं बया. माजी सई लय वाकडी येती."

गरज नव्हती, कारण मी ५२० टाकला होता. ६१० टाकायचा तर माणसाचे पूर्ण नाव, ओळखपत्राची प्रत, दर महिन्याचे हजेरीपत्रक आणि दर वर्षी मुख्य कार्यालयाची मंजुरी लागे. ५२० ला ठरावीक रकमेपर्यंत कार्यालयप्रमुखाची सही पुरत असे. मावशींचा महिन्याचा पगार त्या रकमेच्या आत बसत होता. त्या चहा करत, पाणी देत. शब्द खोटा नव्हता. मी व्हाउचरवर लिहिले: 'चहापाणी (मावशी)'. पुढच्या महिन्यात तेच लिहिले. वर्षभराने ते लिहिताना यादीकडे बघायचेही बंद झाले.

नाव मी लिहिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. कार्यालयात कुणालाच नव्हते. बँकेतला कारकून त्यांना मावशी म्हणे, बसचा कंडक्टर मावशी म्हणे, पंचविशीतला बातमीदार आणि पन्नाशीतला छायाचित्रकारही मावशीच म्हणत. नात्याने हाक मारली की नाव विचारायचे राहून जाते आणि काही वर्षांनी विचारायची लाज वाटते. आमच्या भागात याला आपुलकी समजतात. बातमीत मात्र मी कोणत्याही माणसाला नावाशिवाय जाऊ दिले नव्हते. 'एक महिला' असे लिहून आणणाऱ्या बातमीदाराला मी परत पाठवत असे.

पूर आला त्या वर्षी आमचे कार्यालय जुन्या सांगलीत तळमजल्यावर होते. नदीची पातळी वाढत असल्याच्या बातम्या आम्हीच देत होतो. पण त्यात आपलेही कार्यालय येते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. मी बातम्यांत होतो. व्हाउचरच्या पेट्या, जुने अंक आणि दोन संगणक मावशींनी दोन दिवसांत वरच्या मजल्यावर नेले. शेजारच्या दुकानातला एक हमाल मदतीला होता. तिसऱ्या दिवशी पाणी आत आले. कार्यालय आठ दिवस बंद राहिले. ते उघडले तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. चार दिवस मावशी फरशी खरवडत होत्या.

त्या महिन्यात मी त्यांना दुप्पट पैसे दिले. ही माझी स्वतःची कल्पना होती आणि तेव्हा ती मला चांगली वाटली. व्हाउचरवर लिहिले: चहापाणी (मावशी), ५२०.

दोन महिन्यांनी साताऱ्याहून हिशेब विभागाचे पत्र आले. हिशेब अधिकारी माझ्याच वयाचे होते, सज्जन आणि चिवट. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. कार्यालय आठ दिवस बंद असताना चहापाण्याचा खर्च दुप्पट कसा? आणि दर महिन्याला हीच रक्कम दिसते, तर ती कोणा व्यक्तीस दिली जाते काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते. होय. ते दिले असते तर ६१० ची कागदपत्रे करावी लागली असती, आधीच्या वर्षांचा खुलासा द्यावा लागला असता आणि शाखेला ठरवून दिलेल्या मजुरीच्या मर्यादेवरून बोलणी खावी लागली असती. त्या आठवड्यात कामे बरीच होती. मी लिहिले: "पूरकाळात मदतीस येणाऱ्यांसाठी चहापाणी केल्याने खर्च वाढला. रक्कम कोणत्याही व्यक्तीस दिली जात नाही. खर्च प्रत्यक्ष चहापाण्याचा आहे." खाली सही केली. मावशी तेव्हा समोरच्या टेबलावरून कप गोळा करत होत्या. पत्र पाकिटात घालून मी ते त्यांच्याकडेच टपालात टाकायला दिले.

यानंतर पाच वर्षे काही घडले नाही.

मग एकाच महिन्यात दोन निर्णय आले. कार्यालय विश्रामबागेत नव्या इमारतीत जाणार होते आणि तिथली साफसफाई, चहा, टपाल हे सगळे एका कंत्राटदाराकडे दिले जाणार होते. दुसरा निर्णय चांगला होता. दहा वर्षे सलग रोजंदारीवर असलेल्या लोकांना व्यवस्थापन कायम करणार होते. पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा. अशी माणसे कंत्राटदाराकडे न जाता दैनिकाकडे राहणार होती.

मी मावशींना सकाळीच सांगितले. त्या खराटा हातात धरून उभ्या होत्या.

"कायम? मंजे मस्टरवर?"

"मस्टरवर."

"आनि आजारी पडलं तर पैसं कापनार न्हाईत?"

"नाही."

"मग पयल्यांदा आठ दिस आजारी पडते बगा. आकरा वर्सांचं सगळं आजारपन साटवून ठेवलंय."

छायाचित्रकार म्हणाला, "मावशी, मग चहा कोण करणार?"

"तुज्या बायकूला बलीव की रं. तिलाबी कायम करत्यात का इचार."

त्या दिवशी त्यांनी चहात साखर जास्त घातली होती. कुणी तक्रार केली नाही.

आठवड्याने कायम होणाऱ्यांची यादी आली. साताऱ्याच्या मुख्य कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव त्यात होते, पुढे 'तेरा वर्षे' असे लिहिले होते. साताऱ्यातली कागदपत्रे हिशेब अधिकारी स्वतः ठेवत. त्या बाई कामाला लागल्या त्या महिन्यापासून त्यांनी ६१० टाकला होता, हजेरीपत्रकासह. काम तेच, पगार जवळपास तोच. सांगलीच्या रकान्यात 'निरंक' लिहिले होते. यादी ६१० या खात्यातून काढली होती आणि सांगलीने त्या खात्यात अकरा वर्षांत कोणाचीही नोंद केली नव्हती.

मी साताऱ्याला जायचे ठरवले. आदल्या दिवशी मावशींकडे ओळखपत्र मागितले. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातले कार्ड काढले. मी नाव वाचले. मग जन्मवर्ष वाचले. त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होत्या.

"काय बगतासा? फोटू वाईट आलाय व्हय?"

"नाही. नाव बघतोय."

"आता कळलं व्हय नाव?" त्या हसल्या. "ऱ्हाऊ दे. मावशीच बरं हाय."

हिशेब अधिकाऱ्यांनी मला बसवून घेतले, चहा मागवला आणि संगणकावर सांगलीचे ५२० चे खाते उघडले. अकरा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक होत्या. 'चहापाणी (मावशी)' हे शब्द इतक्या वेळा आले होते की वाचताना त्यांचा अर्थ जाऊन नुसता ठिपक्यांचा पट्टा दिसत होता.

"यात बाई कुठे आहे हो?" त्यांनी विचारले.

"मावशी लिहिलंय ना."

"अहो, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावाल्या बाईलाही मावशीच म्हणतात. तपासनीस तेच म्हणणार. सांगली चहा फार पिते, एवढंच यातून सिद्ध होतं."

मी म्हणालो, व्हाउचर आहेत, मी सांगतो, सहकारी सांगतील. त्यांनी मान हलवली, कपाटातून एक फाइल काढली आणि माझे पाच वर्षांपूर्वीचे पत्र पुढे ठेवले. एका ओळीखाली त्यांनी तेव्हाच पेन्सिलने रेघ मारलेली होती.

"मला तेव्हाच शंका होती," ते म्हणाले. "म्हणून तर सरळ विचारलं. तुम्ही 'कोणत्याही व्यक्तीस नाही' म्हणालात. तुमच्यासारखा माणूस लिहितोय म्हटल्यावर मी फाइल बंद केली."

मी काय करता येईल ते विचारले.

"बंद वर्षातली चूक आम्ही उघडत नाही. हेड चुकलं, आकडा चुकला, असलं काही आलं की आम्ही पुढच्या वर्षापासून दुरुस्त करतो. पण माहीत असून चुकीची माहिती दिली असेल तर ती चूक राहत नाही. मग चौकशी बसते आणि चौकशीत मागचं सगळं उघडावंच लागतं. बाईंची वर्षं त्यात बाहेर येतील. तसं स्वच्छ लिहून द्या. मी माझ्या शिफारशीसह वर पाठवतो."

"चौकशी माझी."

"तुमचीच. ठपका येईल. एखादी वेतनवाढ जाईल. नोकरी जाणार नाही, एवढं मी सांगतो."

माझ्या निवृत्तीला अडीच वर्षे उरली होती. साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायला वेळ होता. मी बाकावर बसून मसुदा केला. पहिल्यांदा लिहिले ते असे: "सदर रक्कम एका महिला कर्मचाऱ्यास वेतन म्हणून दिली जात असताना, हे माहीत असूनही मी तसे नाही असे कळवले." वाक्य बरोबर होते. त्यात संपादन करण्यासारखे काही नव्हते.

कराड मागे पडल्यावर मी 'हे माहीत असूनही' खोडले आणि 'अनवधानाने' लिहिले.

कारणे मी स्वतःला दिली. शब्द सौम्य आहे. पत्राचा मुख्य मुद्दा बाईंच्या सेवेचा आहे, माझ्या वर्तनाचा नाही. अधिकारी समजून घेतील. यातले एकही कारण मी माझ्या हाताखालच्या बातमीदाराकडून ऐकून घेतले नसते. या दोन शब्दांतला फरक मला त्याच दुपारी नीट समजावून सांगण्यात आला होता. एका शब्दाने वर्षे उघडणार होती, दुसऱ्याने ती बंदच राहणार होती. मी दुसरा निवडला. पत्र सुवाच्य अक्षरात उतरवून सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आणि दुसऱ्या दिवशी पाठवले.

हिशेब अधिकाऱ्यांचा फोन आला. पत्र मिळाले, एवढेच ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले, "असंच पाठवू वर?" मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या काळात सामानाची बांधाबांध सुरू होती. मावशी रोज एकदा विचारत, "आलं का वो?" आणि नाही म्हटले की पुढचे खोके बांधायला घेत. विश्रामबागेतल्या कंत्राटदाराचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला त्यांनी पाणी दिले आणि सांगितले, "मी तुमच्यात न्हाई येनार. माजं हिकडंच हुतंय."

उत्तर तीन ओळींचे होते. अनवधानाने झालेली लेखाशीर्षाची चूक बंद आर्थिक वर्षांशी संबंधित असल्याने पूर्वलक्षी दुरुस्ती करता येत नाही. संबंधितांनी चालू वर्षापासून योग्य खाते वापरावे. संबंधित महिलेस कंत्राटदारामार्फत सामावून घेण्यास हरकत नाही.

मी ते संगणकावर वाचत असताना मावशी टेबलाच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळले असावे.

"वाचून दावा."

मी वाचले. तिन्ही ओळी, एकही शब्द न गाळता.

"न्हाई म्हनत्यात."

"हो."

"ते पयलंच काय हाय? अनव... काय?"

"अनवधान."

"मंजे?"

"लक्षात न राहता. नकळत झालेली चूक."

"कुनाची?"

"माझी. तुमचा पगार मी चहापाण्यात लिहीत होतो. अकरा वर्षं. तसं मी त्यांना कळवलं."

बाहेर टेम्पोवाला कपाट कुठून काढायचे ते विचारत होता. छायाचित्रकार त्याला मागचे दार दाखवायला गेला.

"नकळत?" त्या म्हणाल्या. "दर म्हैन्याला पैसं माज्या हातात ठिवत हुतासा. मोजून घ्या म्हनत हुतासा. तवा कळत हुतं नव्हं कुनाला देतोय ते?"

'माहीत असूनही' असे आधी लिहिले होते आणि मी ते खोडले, हे त्यांना सांगायचे राहून गेले, असे लिहिणे बरोबर होणार नाही. मी सांगितले नाही.

विश्रामबागेत गेल्यावर पहिल्याच दिवशी कंत्राटदाराच्या माणसाने अर्ज भरून घेतला. मावशींनी तो माझ्याकडे आणला नाही. जाहिरात विभागातल्या मुलीकडून लिहून घेतला. पूर्वीच्या अनुभवाच्या रकान्यात तिने अकरा वर्षे लिहिले होते. कंत्राटदाराच्या माणसाने पुरावा मागितला. तो नव्हता, म्हणून त्याने तिथे आडवी रेघ मारली आणि पुढे 'नवीन' लिहिले. नव्या माणसाचा दर आम्ही देत होतो त्यापेक्षा कमी होता. सही त्यांनी स्वतः केली. त्यांची सही मी पहिल्यांदाच पाहिली. ती वाकडी नव्हती.

त्यानंतरही त्या मला सायेबच म्हणत आणि अकराच्या सुमारास चहा आणून ठेवत. नव्या कार्यालयात चहाचे पैसे कंत्राटदाराच्या बिलात येत. त्यामुळे ५२० खात्यात सांगलीची नोंद बंद झाली. हिशेब अधिकाऱ्यांनी एका बैठकीत ती बचत म्हणून दाखवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

अडीच वर्षांनी मी निवृत्त झालो. वेतनवाढी सगळ्या मिळाल्या होत्या. मावशी अजून तिथे कामाला आहेत. कंत्राटदार गळ्यात घालायला ओळखपत्र देतो. त्यावर त्यांचे पूर्ण नाव आहे आणि रुजू झाल्याची तारीख आहे. नाव बरोबर आहे. तारीख अकरा वर्षे उशिराची आहे.